फॅमिली डॉक्टरांनी घरगुती हिंसाचार ओळखायचा कसा, आणि ओळखल्यावर करायचं काय?

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांचा प्रश्न असा आहे. बत्तीस वर्षांची बाई अडीच महिन्यांत पाचव्यांदा आली. आधी डोकेदुखी, मग कंबर, मग अशक्तपणा. या वेळी डाव्या कानाला दडा बसलाय आणि आवाजही बसलाय. 'दाराची चौकट लागली' असं सांगतात. सांगतो नवरा, ती गप्प. घरातले सगळेच यांचे जुने पेशंट. शंका येते, पण विचारायचं कसं, आणि तिनं 'हो' म्हटलं तर पुढे काय?

सुरुवात त्या बसलेल्या आवाजापासून करा, बाकी सगळं नंतर. मार बसल्याची शंका आहे, सर्दी-खोकला नाही आणि आवाज घोगरा झालाय, तर गळा दाबला गेला असं धरूनच तपासायचं. 'मानेवर वळ नाही' यावर विसंबू नका. गळा दाबलेल्या जवळजवळ निम्म्या बायकांच्या मानेवर बाहेरून काहीच दिसत नाही. पापणी उलटून पाहा, तोंडातली टाळू पाहा, कानामागे आणि केसांत पाहा. लाल टाचणीएवढे ठिपके तिथे सापडतात. बुबुळाशेजारी रक्त साकळलेलं असेल. हनुवटीखाली नखांचे ओरखडे असतील तर ते पुष्कळदा तिचेच असतात, हात सोडवताना उठलेले. गिळताना दुखतं का, त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली का, लघवी झाली का, मधलं काही आठवत नाही असं आहे का, हे एकेक करून विचारा. घशाची सूज पुढचा दीड दिवस वाढू शकते. मानेतल्या मोठ्या धमनीचं आतलं अस्तर फाटलं असेल तर पक्षाघात काही तासांनी, कधी काही दिवसांनी येतो, तोही तिशीतल्या बाईला. म्हणून शुद्ध हरपली होती, आवाज बदललाय, गिळता येत नाही किंवा हातापायात मुंग्या-कमजोरी आहे, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी मानेची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं स्कॅन) होईल अशा रुग्णालयात पाठवा. गरोदर असेल तर बाळाचे ठोकेही पाहायचे. ज्या नवऱ्यानं एकदा गळा दाबलाय त्याच्या हातून पुढे खून होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. ही खूण केवळ वैद्यकीय नाही, ती पुढच्या धोक्याचीही आहे.

आता कान. चौकट लागली तर भुवई, गालफड, नाक अशी पुढे आलेली हाडं सुजतात, फार तर कानाची पाळी. कानाचा पडदा चौकटीनं सहसा फाटत नाही. तो फाटतो उघड्या तळव्याची चापट कानावर घट्ट बसून आतली हवा दाबली गेली की. समोर उभा मारणारा उजवखुरा असेल तर चापट डाव्या कानावर बसते. ऑटोस्कोपमध्ये छिद्राच्या कडा वेड्यावाकड्या, रक्ताळलेल्या दिसतात. थेंब घालू नका, कान कोरडा ठेवायला सांगा, ऐकण्याची चाचणी करून घ्या. बहुतेक छिद्रं आपोआप भरतात, म्हणून आज जे दिसलं ते आजच लिहून ठेवायचं. दोन महिन्यांनी पुरावा उरत नाही.

पडणं आणि मार यांच्या जागा वेगळ्या. माणूस पडताना हात टेकतो, त्यामुळे तळवे, गुडघे, कोपर, हनुवटी, कपाळ सोलवटतं. मारलेल्या बाईच्या जखमा पुष्कळदा कपड्याखालीही असतात: स्तन, पोट, पाठ, मांडीची आतली बाजू. दंडाच्या आतल्या बाजूला एकीकडे तीन-चार गोल डाग आणि समोरच्या बाजूला एक, अशी ठेवण असेल तर ती घट्ट पकडलेल्या बोटांची आणि अंगठ्याची. डोकं वाचवायला हात वर केला की कोपर आणि मनगटामधली करंगळीकडची कडा मार खाते, आणि तिथलं एकच हाड मधोमध मोडलं असेल तर 'जिन्यावरून पडले' या सांगण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. काठीचा वळ दोन समांतर लाल रेघांचा, मध्ये फिकट. वायरीचा वळ फासासारखा. सिगारेटचा डाग गोल, साधारण आठ-दहा मिलिमीटरचा, सगळीकडे सारख्या खोलीचा. आपल्याकडे हमखास दिसणाऱ्या आणि पुस्तकात न सापडणाऱ्या खुणाही आहेत: बांगड्या फुटून मनगटावर पडलेले बारीक छेद, मंगळसूत्र ओढल्याचा मानेमागचा आडवा ओरखडा, कानातलं ओढून चिरलेली पाळी, केस उपटल्यानं पडलेला ठिगळासारखा टक्कलाचा भाग. वरच्या ओठाच्या आतला पडदा फाटलाय का तेही पाहायचं.

डागाच्या रंगावरून दिवस ठरवायच्या भानगडीत पडू नका. पिवळेपणा अठरा तासांच्या आत दिसत नाही, एवढंच खात्रीनं म्हणता येतं. 'जांभळा', 'हिरवट', 'पिवळसर' असं जे दिसतं ते लिहा. 'दोन दिवसांपूर्वीचा' असं तुम्ही लिहिलंत तर उलटतपासणीत वकील तेच धरून बसेल.

पण जखम घेऊन येणाऱ्या थोड्याच. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बहुतेकींच्या अंगावर ओरखडाही नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, १८ ते ४९ वयाच्या विवाहित महिलांपैकी देशभरात २९.३ टक्के आणि महाराष्ट्रात २५.२ टक्के महिलांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी साधारण ७७ टक्के महिलांनी ती कधी कुणाला सांगितलीच नव्हती. त्या तुमच्याकडे येतात त्या 'अंगावरून पांढरं जातं', 'कंबर भरून येते', 'छातीत धडधडतं', 'जीव घाबरा होतो', 'रात्रभर डोळा लागत नाही' म्हणून. रिपोर्ट नॉर्मल येतात, आपण टॉनिक देतो, पंधरा दिवसांनी ती पुन्हा हजर. ओटीपोटात सतत दुखणं, लघवीचा संसर्ग परत परत होणं, दोन गर्भपातांत फार कमी अंतर, तांबी बसवून महिन्यात काढायला लावणं, गरोदरपणाची नोंदणी सहाव्या-सातव्या महिन्यात होणं, हे सगळं या दृष्टीनं पुन्हा वाचून पाहा.

आर्थिक कोंडी तर आपल्या नजरेतून कायम सुटते. मधुमेही बाईची साखर अचानक वाढली की आपण पथ्यावर बोलतो. गोळ्या कोण आणतं, पैसे कुणाकडे मागावे लागतात, हे विचारत नाही. एक्स-रे लिहून दिला आणि काढलाच नाही, गोळी अर्धी करून खाल्ली, तारखेला आली नाही, यांना 'बेफिकीर पेशंट' म्हणण्याआधी तिच्या हातात रोख किती असते ते जाणून घ्या. आणखी एक. स्वतःसाठी दवाखान्यात यायची परवानगी नसलेली बाई मुलाला घेऊन येते. मुलाला काही विशेष नसतं, पण ती उठत नाही. मूल रात्री अंथरूण ओलं करू लागलंय, बोलताना अडखळतंय असं सांगितलं तर मुलाइतकंच आईकडेही पाहा.

फॅमिली डॉक्टरांचं खरं बळ इथे आहे. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना एकच भेट दिसते, तुमच्याकडे दहा वर्षांचे केसपेपर आहेत. दवाखाना बंद झाल्यावर वीस मिनिटं काढून तिच्या सगळ्या भेटी तारखेनं एकाखाली एक मांडा: तक्रार काय, सोबत कोण, कारण काय सांगितलं, किती दिवस उशिरा आली. सुटी सुटी पाहिलेली पाच दुखणी ओळीत ठेवली की पुष्कळदा वेगळंच चित्र दिसतं. एकेका खुणेला मात्र पुरावा समजू नका. नवरा सोबत येणं ही खूण नाही. आपल्याकडे दवाखान्यात एकटं कोण येतं? खूण ही, की तो पाळीबद्दलच्या प्रश्नाचंही उत्तर देतो, बाहेर थांबा म्हटलं की थांबत नाही आणि ती तोंड उघडण्याआधी त्याच्याकडे बघते. उलट तुमच्याशी गोड बोलणारा, फी वेळेवर देणारा, गावात मान असलेला नवरा घरी तसाच असेल हेही गृहीत धरू नका. आणि दर वेळी नवराच असतो असं नाही. सासू, दीर, म्हाताऱ्या आईच्या बाबतीत पोटचा मुलगासुद्धा.

विचारण्याआधी तिला एकटी गाठावी लागते, आणि दहा बाय दहाच्या दवाखान्यात सगळ्यात अवघड हेच. त्यासाठी नियम सगळ्यांना सारखा करा. 'तपासणीच्या वेळी आत फक्त पेशंट' अशी पाटी लावा आणि ती आमदारांच्या घरच्यांनाही लावा, म्हणजे कुणाला वेगळा वास येत नाही. लघवीचा नमुना घ्यायला नर्स तिला आत नेते तेव्हा पाच मिनिटं मिळतात. नवऱ्याला ड्रेसिंगचं सामान आणायला मेडिकलवर पाठवता येतं. पडद्याआडून बाहेर ऐकू जातं का, हे आधी स्वतः बाहेर बाकावर बसून तपासा. दोन वर्षांपुढचं मूल खोलीत नको, ते घरी जाऊन जसंच्या तसं सांगतं. पुरुष डॉक्टरांना तपासताना स्त्री मदतनीस हवीच. पण ती त्याच गल्लीतली असेल तर बोलणं होत असताना तिला दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभी करा. नवरा हटलाच नाही तर वाद घालू नका. 'कान तीन दिवसांनी पुन्हा बघावा लागेल' हे खरंच आहे, तेवढं सांगून पुढची वेळ द्या. तो बसलेला असताना आडून आडूनसुद्धा विचारू नका. त्याची किंमत ती घरी गेल्यावर मोजते.

एकटी मिळाली की सरळ आणि साध्या शब्दांत विचारा. 'ताई, अशा दुखण्यामागे कधी कधी घरातला त्रास असतो, म्हणून विचारतो. इथे बोललेलं तुमच्या घरी जाणार नाही.' मग, 'घरी कुणाची भीती वाटते का? भांडण झालं की कुणी हात उचलतं का? गळा दाबला, जाळायची धमकी दिली, असं कधी झालंय? नको असताना जबरदस्ती होते का? दवाखान्याचे पैसे मागायला बोलणी खावी लागतात का?' 'अत्याचार', 'हिंसाचार' हे वर्तमानपत्री शब्द टाळा. आपल्यावर अत्याचार होतो असं ती स्वतःला म्हणत नसते, 'ते जरा तापट आहेत' असं म्हणते. 'तुम्ही काय बोललात?' आणि 'मग राहता कशाला तिथे?' हे दोन प्रश्न तर कायमचे बंद करा. 'ते पितात का?' हा पहिला प्रश्न नको. त्यानं तुम्हीच त्याला सबब पुरवता.

खुणा दिसत नसताना सरसकट प्रत्येक पेशंटला विचारा, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची मार्गदर्शक सूचना सांगत नाही. खूण दिसली की विचारा असं सांगते. गरोदर बाईला मात्र एकटीला घेऊन प्रत्येकीला विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

'तसं काही नाही' म्हणाली तर खोदू नका. 'बरं. कधी बोलावंसं वाटलं तर या' एवढंच. पुष्कळ जणी तिसऱ्या-चौथ्या वेळी बोलतात, तेही पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं म्हणून.

'हो' म्हणाली तर आधी ऐकून घ्या. 'सांगितलंत ते बरं केलंत. यात तुमची चूक नाही.' लगेच पुढचं काम आजचा धोका मोजण्याचं. सहा महिन्यांत मार वाढलाय का? हत्यार उगारलं किंवा धमकी दिली का? तो जीव घेऊ शकेल असं तिला वाटतं का? गरोदर असताना मारलं का? सतत संशय घेतो का? यातल्या तीनला 'हो' असेल, किंवा गळा दाबलेला असेल, तर तिला संध्याकाळी तशीच घरी धाडू नका. वैद्यकीय कारण असेल तर दाखल करून घेणं हाही सुरक्षित निवाराच. हिंसा सोसणाऱ्या महिलांसाठीच्या सरकारी 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस राहायची सोय होते. आणि घर सोडण्याचा काळच सर्वांत धोक्याचा असतो, म्हणून 'आत्ता निघा' असा सल्ला घाईनं देऊ नका. कधी निघायचं हे तिला जास्त कळतं.

घरी परतणार असेल तर दोन मिनिटांत ठरवून घ्यायच्या गोष्टी: भांडण पेटलं की स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातून बाहेर यायचं, कारण एकीकडे गॅस-सुरी आणि दुसरीकडे बाहेर पडायला वाट नाही. शेजारच्या एका घराशी खूण ठरवायची. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती माहेरी किंवा विश्वासातल्या माणसाकडे ठेवायच्या. ११२ (तातडीची मदत) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) हे क्रमांक पाठ करायला सांगा. चिठ्ठीवर लिहून देऊ नका, चिठ्ठी नवरा वाचतो.

आपल्यातले भले डॉक्टर सगळ्यात जास्त चुकतात ते पुढच्या टप्प्यावर. 'त्याला बोलावतो, समजावतो, माझं ऐकेल.' हेतू चांगला असतो, पण त्या रात्रीचा मार डॉक्टरांना सांगितल्याबद्दलचा असतो, आणि त्यानंतर तिचं दवाखान्यात येणं बंद होतं. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणं हे तर मुळीच करू नका. नवराही तुमचा पेशंट आहे, त्याचा रक्तदाब तुम्ही बघाच. पण तिनं सांगितलेली एकही गोष्ट त्याच्याशी बोलताना बाहेर पडता कामा नये.

दुसरी चूक झोपेच्या गोळ्यांची. अल्प्राझोलमची तीस गोळ्यांची पाकिटं देऊ नका. मार चुकवायला जी जाग लागते तीच त्या घालवतात, आणि एखाद्या रात्री सगळ्या एकदम घेतल्या जातात. द्यायच्याच असतील तर चार-पाच दिवसांच्या. नैराश्य आहे का ते नीट तपासा आणि 'जीव द्यावासा वाटतो का?' हे थेट विचारा. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उंदीर मारायची पेस्ट खाऊन आलेली बाई पहिला दिवस-दीड दिवस ठणठणीत दिसू शकते, पण त्यातला पिवळा फॉस्फरस नंतर यकृत निकामी करतो. कितीही थोडी खाल्ली असली तरी मोठ्या रुग्णालयात पाठवा. 'पोलीस केस होईल' या धाकानं घरचे हे लपवतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं मानलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही, हे त्यांना तिथल्या तिथे सांगा.

लैंगिक जबरदस्ती असेल तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. गर्भनिरोधासाठी लेव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधंही ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस. पुराव्यासाठीचे नमुने ९६ तासांपर्यंत घेता येतात. नवऱ्यानं सज्ञान पत्नीवर केलेली जबरदस्ती फौजदारी कायद्यात अजून बलात्कार ठरत नाही, पण घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक हिंसा स्पष्टपणे येते. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२२ च्या निकालानुसार अशा संबंधातून राहिलेल्या गर्भाच्या गर्भपातासाठी तिला बलात्कारपीडितेच्या तरतुदीचा आधार घेता येतो. सज्ञान बाईच्या गर्भपाताला नवऱ्याची सही लागत नाही. ती मागणं ही आपली सवय आहे, कायदा नाही. पत्नी अठरा वर्षांखालची असेल तर प्रकरण पोक्सोचं, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, होतं आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे तिला बोलतं करण्याआधीच सांगायचं, नंतर नव्हे.

नोंद कशी करायची? तिचे शब्द तसेच अवतरणात: 'रुग्ण सांगते, काल रात्री नऊच्या सुमारास नवऱ्यानं डाव्या कानावर चापट मारली.' नातं लिहा, वेळ लिहा, कशानं मारलं ते लिहा. 'कथित' हा शब्द नको, त्यात तुमचा अविश्वास डोकावतो. 'कौटुंबिक कलह' तर नकोच, त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक जखमेची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग, आणि हाडाच्या ठळक खुणेपासूनचं अंतर. माणसाच्या आकृतीचा पुढून-मागून छापील कागद ठेवला तर खुणा करायला सोपं जातं. फोटो काढायचा असेल तर तिच्या लेखी संमतीनं, शेजारी पट्टी ठेवून, एक लांबून आणि एक जवळून. तो दवाखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ देऊ नका. शेवटी एक वाक्य: 'जखम सांगितलेल्या कारणाशी जुळते' किंवा 'जुळत नाही'. तिनं मागितल्यापासून ७२ तासांत तिला तिच्या नोंदींची प्रत द्यावी लागते. वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी, करण्याची सोय तुमच्याकडे नसेल तर तपशीलवार पत्र देऊन सरकारी रुग्णालयात पाठवा. एमएलसी झाली म्हणजे नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला असं नाही, हे तिला समजावून सांगा. या गैरसमजापायीच बायका नोंद नाकारतात.

कायद्याचं थोडक्यात. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण हा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शारीरिक, लैंगिक, मानसिक-शाब्दिक आणि आर्थिक अशी चारही प्रकारची हिंसा येते. आई, बहीण, लग्नाविना सोबत राहणारी बाई, सगळ्या येतात. घर कुणाच्याही नावावर असो, राहत्या घरात राहण्याचा हक्क तिला आहे. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे, मदतीला जिल्ह्यातले संरक्षण अधिकारी. कोणीही व्यक्ती, म्हणजे तुम्हीसुद्धा, सद्भावनेनं संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकता आणि त्याबद्दल तुमच्यावर जबाबदारी येत नाही. पण तिच्या संमतीशिवाय कळवू नका. नवरा आणि सासरच्यांच्या छळाबद्दलचं जुनं ४९८-अ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ आहे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबायचं कारण नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. बऱ्याच पोलीस ठाण्यांशी जोडलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे. तो १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबईत सुरू केला. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत 'दिलासा' केंद्रं आहेत, पहिलं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात. तिथे समुपदेशक भेटतात, आणि रुग्णालयाचा केसपेपर हे घराबाहेर पडायला सगळ्यात बिनधोक कारण ठरतं. आपल्या जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यांचं आणि सखी केंद्राचं नाव-क्रमांक आधी स्वतः फोन करून तपासा. बंद नंबर देणं हे न देण्यापेक्षा वाईट, कारण तिला फोन करायला संधी एकदाच मिळते.

आणि उद्या तो नवरा काउंटरवर येऊन 'काल काय म्हणाली हो ती?' असं विचारणारच. त्याचं उत्तर तुमच्या रिसेप्शनिस्टलाही आजच पाठ हवं: 'कोणत्याही पेशंटचं आम्ही दुसऱ्याला सांगत नाही, तुमचंही नाही.' तिची फाईल वेगळ्या कपाटात, कुलपात. लॅबचा रिपोर्ट घरच्या एकाच मोबाईलवर जात असेल तर तो बंद करा, कागद हातात द्या. पुढची तारीख आठवड्याच्या आतली, तिच्या बाजाराच्या दिवशी किंवा मुलाला शाळेत सोडायच्या वेळी, जेव्हा ती एकटी बाहेर पडते. त्या तारखेला आली नाही तर घरी फोन करू नका. आशाताई त्या वस्तीत जाणार असतील तर मुलाच्या लसीची चौकशी करताना ती दिसते का, एवढंच त्यांना बघायला सांगा.